मापाची उशी

"आल्या बघा वन्सं. आता पिशवीत दुसरी असणार."

मीनाक्षी स्वयंपाकघरात पुटपुटली. खिडकी उघडी होती आणि मी पायरीवर चपला काढत होते. माझ्या पिशवीत खरंच दुसरी उशी होती. पण त्यात पुटपुटण्यासारखं काय होतं, ते मला कळेना.

मीनाक्षी माझी भावजय. तिची मुलगी सावनी खो-खो खेळताना वळली आणि गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं तेव्हा मीनाक्षीच्या शाळेत परीक्षा होत्या आणि संजीवला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, कोर्टातून सुट्टी मिळेना. मी हुबळीतलं शिलाई मशीन झाकून ठेवलं आणि वीस दिवस धारवाडला येऊन राहिले. पोरगी दिवसभर कण्हायची. गुडघा जरासा वाकवून ठेवला की निवांत व्हायची. मग मी टेपनं गुडघ्याखालचं माप घेतलं आणि उशी शिवली. आत हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या कापडदुकानांतून आणलेली सुती कात्रणं, वर माझ्या जुन्या इरकलीचा काठ. ती खाली सरकवल्यावर सावनी पहिल्यांदा झोपली. मी तिच्याकडे बघत पाऊण तास बसले होते, चहासुद्धा केला नाही.

शिवण मला कुणी शिकवलेलं नाही. जुने कपडे उसवून उसवून शिकले.

आता तीन महिने झाले होते. गुडघा वाकत होता छान, पण सरळ होत नव्हता. चालताना सावनी खड्ड्यात पाय पडल्यासारखी एका बाजूला जायची. तिला जूनमध्ये शारीरिक शिक्षणाच्या कोर्सला जायचं होतं आणि तिथं पळून दाखवावं लागतं. डॉक्टर म्हणाले होते, या शुक्रवारपर्यंत पाय सरळ झाला नाही तर गुडघा पुन्हा उघडून बघायचा. घरात सगळे 'शुक्रवार' हा शब्द टाळत होते. संजीव तर 'परवानंतरचा दिवस' म्हणाला.

आत गेले तर फिजिओथेरपीवाला राघवेंद्र आलेला होता. त्यानं सावनीच्या टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली होती आणि गुडघा नुसता अधांतरी. पोरीनं दात आवळलेले. मला काही हे बघवेना. दुखतंय गुडघा आणि आधार टाचेला?

"राघवेंद्र, अहो, दुखतंय तिला."

"दुखणारच, अक्का. आपल्या वजनानं खाली यायला पाहिजे तो. अजून चार मिनिटं."

मी पलंगावर माझी उशी शोधली. नव्हती. मागच्या वेळी ती कपाटाच्या मागे सापडली होती, त्याच्या आधी धुण्याच्या बादलीत. धुतलेली नव्हती, नुसती ठेवलेली. मला वाटलं, इरकलीचा काठ जुनाट दिसत असेल. म्हणून यावेळी नवीन छापील कापड घेऊन आले होते.

मी ती पिशवीतून काढली. राघवेंद्रनं पाहिली आणि संजीवकडे बघितलं. संजीव पंख्याकडे बघायला लागला.

"इरली बिडरी, राहू दे," राघवेंद्र कुणाला म्हणाला कोण जाणे. "चहा होईल का, मॅडम?"

याला चहा आवडत नाही. मागच्या मंगळवारी मला म्हणाला होता.

चार मिनिटं झाली. गुंडाळी काढली आणि माप घ्यायचं ठरलं. या घरात माप बोटांनी घेतात. पाय सपाट ठेवायचा आणि गुडघ्याखाली किती बोटं जातात ते बघायचं. संजीवनं बोटं घातली.

"दोन! काल अडीच होती."

"मला तीन लागतात," मीनाक्षी म्हणाली.

"अप्पा, तुमची बोटं केवढी जाड आहेत!" सावनी म्हणाली. हसली नाही.

"अगं, दोनच आहेत. नीट बघ की."

"अहो, तुम्ही रोज दोनच म्हणता!"

"सरका," मी म्हणाले. "ब्लाऊजचं माप कुणी बोटांनी घेतं का?"

गळ्यातला टेप काढला आणि पलंगावर वाकले. चादरीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत दोन इंच. पुन्हा घेतलं. दोनच इंच, दोऱ्याइतकाही फरक नाही. चांगल्या पायाखाली टेपसुद्धा सरकेना.

हा आकडा माझ्या ओळखीचा होता. जुनी उशी बसून बसून दोन इंचांवर आली होती. नवी पण तेवढीच केली होती, तिला सवय होती म्हणून.

"बघा!" मी म्हणाले. मला खरंच आनंद झाला होता. "उशीएवढीच जागा आहे. उशी नसली तरी पाय तस्साच राहिलाय. कसं मापात शिवलं होतं मी!"

मीनाक्षीनं पदर तोंडाला लावला. राघवेंद्र टॉवेलची घडी करायला लागला, झालेली घडी मोडून पुन्हा करायला लागला. संजीव म्हणाला, "अक्का, तू प्रवासातून आलीस, हातपाय धू आधी." मी सगळ्यांकडे बघत होते. काय चुकलं? माप तर दोनदा घेतलं.

"तुम्ही सगळे माझ्याकडे असे का बघताय?"

"काही नाही, वन्सं. चहा ठेवते."

"मीनाक्षी, चहा कुणालाच नको आहे," मी म्हणाले.

सावनीनं माझ्या हातातली उशी घेतली. उलटीसुलटी करून बघितली, शिवणीवरून अंगठा फिरवला. मग ती बाजूला ठेवली आणि माझं मनगट धरलं.

"आत्या, या उशीमुळंच माझा पाय वाकडा राहिला. मलाही ती हवी असायची, बरं वाटायचं म्हणून. पण तिच्यामुळंच."