तारेने बांधलेला व्हॉल्व्ह

बावीस वर्षं लांबच्या कारखान्यात बॉयलर सांभाळल्यावर त्याने घराजवळच्या लाँड्रीत नोकरी धरली. पगार कमी होता, पण दुपारी घरी येऊन बायकोबरोबर गरम गरम जेवता येत होतं. पहिले तीन दिवस स्वारी अगदी खुशीत होती.

चौथ्या दिवशी सकाळी बॉयलरवरची धूळ पुसताना त्याच्या हाताला तार लागली. जास्तीची वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह कुणीतरी करकचून बांधून टाकला होता. तो तडक मॅनेजरकडे गेला.

"सारखा शिट्टी मारायचा, डोकं उठायचं," मॅनेजर म्हणाला. "दोन वर्षं झाली, काही झालंय का? नवीन आहात काका, जरा दमाने घ्या."

भिंतीपलीकडे इस्त्री करणाऱ्या बायका कशावरून तरी खिदळत होत्या. त्याने आग विझवली, वाफ उतरू दिली आणि पकडीने तार तोडली. तरी व्हॉल्व्ह जागचा हलेना. गंजून पार चिकटला होता.

"हा बदलल्याशिवाय मी बॉयलर पेटवणार नाही," त्याने सांगितलं. मॅनेजरने त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं.

"बरं झालं, सुटलात," बायको म्हणाली आणि तिने ताट वाढलं. तो पहिला घास घेणार, तोच खिडकीतून त्याला लाँड्रीचं धुराडं दिसलं. काळा धूर भसाभसा निघत होता. बॉयलर दुसऱ्या कुणीतरी पेटवला होता.

तो ताटावरून उठला.

"आता मॅनेजरशी भांडायला चाललात?"

"नाही. त्या बायकांना बाहेर काढायला," तो म्हणाला आणि अनवाणीच धावत जिना उतरला.