वाजलं की वात

आमचे हे, म्हणजे दीनानाथ, कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि फोनला चिकटले. टिंग झालं की हातातला घास हातातच. मी सवयींवरचं एक पुस्तक वाचलं होतं. सवय मोडत नाही, तिच्या जागी दुसरी बसवायची. इशारा तोच, कृती नवी, असं त्यात होतं. मला काय, अक्कल पाजळायला निमित्तच हवं होतं.

मुलीच्या, गुंजनच्या, सुखरूप बाळंतपणासाठी मी लाख वातींचा नवस बोलले होते. ह्यांच्यापुढे कापसाचं ताट ठेवलं आणि म्हटलं, "फोन वाजला का एक वात वळा, मंगच पाहा." चार दिवस कुरकुरले. महिन्याभरात वात वळून झाली की फोन उचलायचंच विसरू लागले. मी दिग्रसभर मिरवून आले.

पुढे कुकरची शिट्टी झाली तरी बोटं कापसाकडे जायची. दारावरची बेल वाजली, आधी वात. वळताना डोळे भिंतीवर, पापणी हलत नसे. मी हसायचे. आता त्या हसण्याची लाज वाटते.

एप्रिलमध्ये गुंजन माहेरी आली. आठवा महिना संपत आलेला, डॉक्टरांनी पलंगावरून उठायला मनाई केलेली. मागच्या खोलीत कुलरची घरघर एवढी, की तिची हाक पुढे पोचत नसे. म्हणून तिला सांगितलं, काही लागलं तर फोन कर. ह्यांच्याकडे वाजण्याचं काय होतं, ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या दुपारी मी पुसदला बारशाला गेले. बाहेर जाताना फोन घरीच ठेवायचा, हा पुस्तक वाचून मी स्वतःला घातलेला नियम; त्यामुळे माझा फोन डाळीच्या डब्यात होता. तीन तासांचा तर प्रश्न, आणि बाप घरात होता.

परतले तेव्हा रिंग फाटकापर्यंत ऐकू येत होती. हे पुढच्या खोलीत ताटापुढे बसले होते. शेजारी फोन वाजत होता, त्यावर गुंजनचं नाव. थांबला. पुन्हा वाजला. बोटांनी कापूस उचलला.

"अहो, पोरगी बलावून राह्यली नं!" मी ओरडले.

त्यांनी वात पूर्ण केली, ओळीत ठेवली, मग माझ्याकडे पाहिलं. "वळून राह्यलो नं," ते शांतपणे म्हणाले. ताटात त्या दुपारच्या एकवीस वाती होत्या.

गुंजन पलंगाखाली पडली होती. साडी रक्ताने भिजलेली, अंगठा अजून फोनवर. शेजारच्या पुष्पाने गाडी काढली. यवतमाळचा दवाखाना येईपर्यंत मी स्वतःला शिव्या देत होते.

दोघी वाचल्या. आतून नातीचं रडणं ऐकू आलं तेव्हा मलाही रडू कोसळलं. मी ह्यांच्याकडे वळले. हेही रडत होते, अगदी मनापासून, गाल भिजले होते. मांडीवर मात्र अंगठा आणि बोट, हातात कापूस नसतानाही, वात वळत होते.

मी तो हात घट्ट धरला. बाळ पुन्हा रडलं. माझ्या मुठीत त्यांची बोटं वळतच राहिली.