डोळ्याचं निमित्त

दर रविवारी दुपारी भावना मोबाईल घेऊन इमारतीच्या गच्चीवर जायची आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून लियोरा आपटेकरशी बोलायची. लियोरा ठाण्यात राहणारी समुपदेशक. दोघींची गाठ पडली ती इंटरनेटवर, आणि प्रत्यक्ष भेट अजून झालीच नव्हती.

२०१८चा उन्हाळा होता. भावना पनवेलला बंदरातला माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कामाला होती. हिवाळ्यात एका कागदावर तिच्या हातून कंटेनरचा नंबर चुकला आणि साहेब सगळ्यांसमोर ओरडले. चूक त्याच दिवशी दुरुस्त झाली. भावनाच्या मनातून मात्र ती गेली नाही. प्रत्येक मेल ती पुन्हा पुन्हा वाचायची, मीटिंगमध्ये तोंड उघडायची नाही. कधी कधी सकाळी डबा भरतानाच उलटी व्हायची. उरणजवळच्या मोऱ्याच्या कोळ्याची पोर चुकून या खुर्चीवर बसली आहे आणि एक दिवस ते सगळ्यांना कळणार, असं तिला वाटत राहायचं.

पनवेलजवळच्या करंजाड्यातल्या भाड्याच्या खोलीत ती एकटीच राहायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी म्हणून मोऱ्याच्या बाजारात मासळी विकणारी आई, शांती, तिच्याकडे आली. ऑपरेशन नीट झालं. तरी "अजून पाणी येतं डोळ्यातून" म्हणत आई राहिली. भाऊ कुंदन मोऱ्याहून फोन करून विचारायचा, "आई कधी येते?" भावना डोळ्याचं कारण सांगून फोन ठेवायची.

एका रविवारी गच्चीवर डांबर घालायचं काम निघालं. भावना खोलीतच बसली. आई स्वयंपाकघरात जवळा निवडत होती. मध्ये फक्त पडदा.

"आज आवाज बारीक आहे तुझा," लियोरा म्हणाली.

"आई आहे घरात."

"मग नंतर बोलायचं का?"

"नको. नंतर माझ्यानं होणार नाही." भावनानं पडद्याकडे पाठ केली. "मॅडम, मला माझाच कंटाळा आलाय. भीतीचा नाही, त्या भीतीला सांभाळत बसायचा. दमले मी."

"आपण नसलेलं बरं, असं वाटतं का कधी?" लियोरानं सरळ विचारलं.

"नाही. तसं नाही. नुसतं झोपून राहावंसं वाटतं."

पडद्याआडचा सुपाचा आवाज थांबला होता.

बोलणं संपल्यावर आई बाहेर आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. आता रडारड होणार, या विचारानंच भावनाला आणखी थकवा आला.

"ती बाई माझ्याशी बोलंल का?" आईनं विचारलं.

"तुझ्याशी? कशाला?"

"मना बाजारान बसवत नाय. तुझा बा गेल्यापासून. टोपली पुढ्यात घेतली की छातीत धडधडतं, गिऱ्हाईक काय विचारतं ते कळत नाय. कुंदनला काय सांगू? डोळा बरा हाय माझा. कवाच बरा झालाय."

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आई कुणासमोर रडली नव्हती, म्हणून सगळ्यांनी तिला खंबीर ठरवून टाकलं होतं. भावनानंसुद्धा. ती उठून आईशेजारी जाऊन बसली.

भावनानं आईसाठी विचारलं तेव्हा लियोरानं नकार दिला. "एकाच घरातल्या दोघींना मी घेत नाही. तुझं बोलणं तुझंच राहिलं पाहिजे." पण तिनं सुमती नावाच्या समुपदेशक मैत्रिणीचा नंबर दिला. व्हिडिओला आई तयार नव्हती, म्हणून सुमती साध्या फोनवर बोलायला कबूल झाली.

पहिल्या दिवशी आई नुसती "हां, हां" करत राहिली. फोन ठेवला तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

"किती विचारते ती! झोप लागते का, जेवण जातं का."

"मग पुन्हा नाही बोलायचं?"

"बोलन ना. मेन गोष्ट सांगायची ऱ्हायलीच."

त्या संध्याकाळी भावनानं आईच्या समोरच कुंदनला फोन लावला आणि आई अजून काही दिवस राहील, एवढंच सांगितलं. त्यानं कारण विचारलं. "ते आई सांगेल, तिला जमेल तेव्हा," भावना म्हणाली.

सोमवारी सकाळी तिला पुन्हा उलटी झाली. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. भावनानं चूळ भरली, थोडा वेळ दाराशी बसून राहिली, मग चपला घातल्या आणि ऑफिसला गेली.