वायरमनच्या घरावरची प्लेट

कुंडलिक बत्तीस वर्षं वायरमन होता. किन्हवलीच्या आसपासच्या पाच-सहा गावांत खांबावर चढणारा माणूस म्हणजे तोच. दोन हजार पाच साली तो निवृत्त झाला, आणि त्याच सुमारास लोडशेडिंग वाढलं. संध्याकाळी सहाला लाईट जायची ती दहा-अकराशिवाय यायची नाही. त्याच्या जागी आलेला नवीन वायरमन शहापूरला राहायचा. त्यामुळे लोक पहिल्यासारखेच कुंडलिकच्या ओटीवर यायचे.

"वायरमन, कदी येल लायट?"

"फिडर बंद हाय रे, वरनंच लाईन नाय. साडेधा तरी होतील," कुंडलिक सांगायचा. कधी कुणी चिडून बोलायचं. तो ऐकून घ्यायचा, जणू बटण त्यानंच बंद केलंय.

त्याची बायको सुंदरा अंगणवाडीत मदतनीस होती. हे रोजचं बोलणं ती चुलीपाशी बसून ऐकायची. अंगणवाडीच्या एका बैठकीसाठी ती मुरबाडला गेली, तेव्हा तिथं रेश्मा नावाच्या मुलीनं सोलरचे दिवे मांडले होते. रेश्मा एका संस्थेत ते बसवायचं काम शिकली होती. सुंदरानं सगळं नीट विचारून घेतलं आणि घरी येऊन जेवताना सांगितलं, "मी आपल्याकडं सोलर लावायचं ठरवलंय. माझ्या पगारातून. पुढच्या सोमवारी पोरगी येतेय."

कुंडलिकचा घास हातातच राहिला. "वायरमनच्या घरावर सोलर? लोक काय म्हनतील गो?"

"लोक काय म्हनतात ते रोज ऐकतेच ना मी. तुमी रिटायर झालात, पन तुमची डूटी काय संपली नाय."

"या गावात लायट मी आनलीय. पहिला खांब माझ्यासमोर उभा राह्यला."

"मी कुठं नाय म्हनते?" सुंदरा म्हणाली आणि भात वाढायला उठली.

रेश्मा सोमवारच्या एसटीनं आली. सोलरची प्लेट तिनं गोधडीत गुंडाळून आणली होती. दुपारपर्यंत तिनं कौलांवर प्लेट बसवली, बॅटरी कोपऱ्यात ठेवली आणि स्वयंपाकघर, माजघर व ओटी अशा तीन ठिकाणी दिवे लावले. कुंडलिक दारात उभा राहून सगळं बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"तारेचा जॉइंट असा नाय मारत. पावसात गंजंल."

"मग दाखवा ना काका," रेश्मा म्हणाली आणि पक्कड पुढं केली.

पण त्यानं पक्कड घेतली नाही. पायात चपला घालून तो शेतावर निघून गेला.

त्या दिवसापासून सगळ्या आळीत अंधार असला तरी त्यांच्या घरात पांढरा उजेड असायचा. सुंदरा दिव्याखाली बसून तांदूळ निवडायची, अंगणवाडीची वही लिहायची. कुंडलिक मात्र ओटीवरचा दिवा लावू द्यायचा नाही. खाटेवर अंधारात बसून राहायचा. महिनाभरात एक गोष्ट दोघांच्याही लक्षात आली. ओटीवर आता कुणी येत नव्हतं.

एके दिवशी तोच म्हणाला, "लडकू आला नाय बरेच दिवसात."

लडकू म्हणजे समोरच्या घरातला शेजारी, लाईट विचारायला सगळ्यात आधी येणारा. सुंदरा हातातलं काम थांबवून नवऱ्याकडं बघत राहिली. लोकांचा त्याला जाच होतो असं ती धरून चालली होती. त्या विचारण्यानं त्याचा दिवस भरत होता, हे तिला तेव्हा कळलं. पण तेवढ्यासाठी प्लेट उतरवायची, हेही तिला पटेना.

आषाढात आठ दिवस झड लागली. सातव्या दिवशी बॅटरीच्या डब्यावर लाल बारीक दिवा लागला आणि घरातला उजेड विझला. सुंदरानं रॉकेलची चिमणी पेटवली. आता नवरा म्हणणार, 'मी सांगतच होतो,' असं तिला वाटलं. पण तो उठून ओटीवर जाऊन बसला.

थोड्या वेळानं घोंगडी पांघरून लडकू ओटीवर चढला. "दादा, तुमचीबी गेली काय?"

"गेली. ये, बस."

सुंदरानं चहा टाकला. लडकू फुंकर मारत चहा प्यायला. मग कुंडलिकनं विचारलं, "येत का नव्हतास रे?"

"काय येनार? तुमच्या घरात लख्ख उजेड. आमी अंधारात. मनात आलं, वायरमनला आता कशाला इचारायचं? त्याला काय पडलीय?"

"उजेड झाला म्हनून मी काय परका झालो?"

"तसं नाय वो," लडकू ओशाळून म्हणाला. मग दोघं भाताच्या लावणीवर बोलत बसले. लडकू गेला तेव्हा कुंडलिक बराच मोकळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थांबून ऊन पडलं. कुंडलिक अंगणात उभा राहून छपराकडं बघत होता. मग त्यानं शिडी लावली.

"खाली या! पाय घसरंल!" सुंदरा ओरडली आणि धावत येऊन शिडी धरून उभी राहिली.

"आगं, शेवग्याची सावली पडलीय प्लेटवर. पावसात कवढा वाढलाय बघ. आनि पाला तर चिकटून बसलाय सगळा."

त्यानं कोयत्यानं तीन फांद्या छाटल्या, ओल्या फडक्यानं प्लेट पुसली. मग जॉइंट सोडून स्वतःच्या पद्धतीनं पुन्हा मारला आणि वरून टेप गुंडाळली. दिवे लगेच लागले नाहीत. ऊन येऊन-जाऊन होतं, बॅटरी भरायला तीन दिवस गेले. चौथ्या संध्याकाळी ओटीवरचा दिवा त्यानं स्वतः लावला. पुढच्या आठवड्यात घरातले उरलेले दिवेही त्यानं मीटरवरून काढून बॅटरीवर घेतले. मीटरवर टीव्ही आणि पंखा तेवढा ठेवला.

बॅटरीत पाणी घालायला रेश्मा आली, तेव्हा तिनं वर चढून जॉइंट बघितला.

"काका, हा तुम्ही मारलात?"

"मग कोन मारनार?"

"मला शिकवाल? सापगावला एका घरी बसवायचंय. स्लॅब आहे, तार कुठून उतरवायची तेच कळेना."

"मी रिटायर झालोय गो पोरी."

"जा की," आतून सुंदरा म्हणाली. "सोबतच होईल तिला."

शनिवारी तो गेला. संध्याकाळच्या गाडीनं परत आला तेव्हा कपड्यांना सिमेंट लागलेलं होतं. हातपाय धुऊन तो जेवायला बसला आणि सांगू लागला. भिंत किती कडक होती, छिद्र पाडताना छिन्नी कशी बोथट झाली, रेश्माचा हात कसा हलका आहे पण ती घाई फार करते. मुरबाडकडं अजून दोन घरं आहेत म्हणे, तिकडंही बोलावलंय.

"जानार काय?" सुंदरानं विचारलं.

"जाईन. पन आधी छिन्नीला धार लावायला पायजे," तो म्हणाला आणि कालवणासाठी वाटी पुढं केली.