सोडून राह्यलती

उर्वशीनं सकाळपासून तीनदा पाण्याची बाटली भरली आणि तीनदा रिकामी केली. यवतमाळच्या त्या कॉलेजच्या व्हरांड्यात बाकडी होती, पण तिच्यानं बसवत नव्हतं. आत प्रगती अहवाल तपासणारी समिती बसली होती. पीएच.डी.ची ही शेवटची मुदतवाढ. शेरा वाईट पडला की नोंदणी रद्द.

खरं तर तसा पडायचं कारण नव्हतं. तिचे गाईड कमलाकर सर दर सहा महिन्यांनी अहवालाच्या शेवटच्या पानावर 'समाधानकारक' लिहीत आले होते. आधीची पानं ते उलटत नसत. एका जमान्यात गाईड लोक प्रकरण घरी ठेवून घेत, समासात पेन्सिलीनं भांडत, विद्यार्थ्याला रडवत आणि मग चहा पाजत. कमलाकर सर भला माणूस, त्यांनी कुणाला रडवलं नाही. चार वर्षांत एकच सूचना केली: मुलाखती प्रमाण मराठीत कर, वऱ्हाडी बोली प्रबंधात शोभत नाही.

विषय होता धम्मदीक्षेनंतरच्या पहिल्या पिढीतल्या मुलींचं शिक्षण. बोरी अरब गावच्या चौदा म्हाताऱ्यांशी ती बोलली होती. चौथ्या प्रकरणात कोष्टक होतं: चौदापैकी अकरा जणींनी शाळा अर्ध्यात सोडली.

काल तिनं त्या अकरा जणींतल्या एकीला, वडिलांच्या आत्याला तुळसाबाईला, प्रबंधातलं तिचंच वाक्य वाचून दाखवलं. 'मी शाळा सोडून राहिले होते.'

शेंगा सोलणारे हात थांबले. "मी कधी सोडली वं?"

"तूच तं सांगतलं आजी, सोडून राह्यलती म्हणून."

"हो, राह्यलती ना सोडून. मास्तर घरी आला, बापाले बोलला, मंग नाही सोडली. सातवी पास आहो मी. तू शिकून राह्यली, म्हंजे शिकून घरी बसली काय?"

सोडून राह्यलती, म्हणजे सोडत होती. घरात दिवसभर हेच बोलणाऱ्या उर्वशीनं लिहिताना मात्र 'राह्यलती'चं 'राहिले होते' केलं, आणि त्यावरून बाया मोजल्या. आता उरलेल्या दहा जणींचं काय?

आज सकाळीच तिनं हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, आज गप्प बस, दुरुस्ती नंतर करू.

आत बोलावणं आलं. वणीहून आलेल्या भैरवी मॅडम समितीच्या प्रमुख. पानं चाळून त्यांनी विचारलं, काही अडचण? सरांनी घड्याळाकडं पाहिलं.

"चौथं प्रकरण चुकलंय, मॅडम," उर्वशी म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं.

"सरांनी वाचलं नव्हतं?"

मग उर्वशीच म्हणाली, की चूक तिची, बोलीही तिचीच.

भैरवी मॅडम म्हणाल्या, मग असमाधानकारक लिहावं लागेल. गाईडनं स्वतः दुरुस्तीची जबाबदारी लेखी घेतली, तरच तीन महिने देता येतील. सगळ्यांच्या माना सरांकडं वळल्या. सरांचे कान लाल झाले होते. त्यांनी अहवाल ओढून घेतला, शेवटच्या पानावरचा आपला 'समाधानकारक' खोडला, जबाबदारीच्या दोन ओळी लिहून सही केली.

"मोबाइलवर रेकॉर्डिंग आहे ना सगळ्यांचं?"

"आहे, सर."

"मग अकरापैकी किती जणींनी खरंच सोडली?"

चार वर्षांत सरांनी तिच्या कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न.

"माहीत नाही, सर."

"उद्या सकाळी घरी ये. मोबाइल चार्ज करून आण."