गोदूने अडवलेली भरती

स्वातंत्र्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. ओवे गावची गोदू लग्न होऊन पनवेलच्या खाडीवर मिठागर करणाऱ्या घरात आली. तिला भात लावता येई, कापता येई आणि बांध तर असा घालता येई, की खेकड्यानेही बीळ करण्याआधी विचार करावा. मिठाशी संबंध मात्र कालवणात टाकण्यापुरताच. म्हणून सासू तिला चुलीपाशीच ठेवणार होती. गोदूला हवं होतं मिठागराचं काम. तिने सासऱ्याला, महादेवला, कसंबसं राजी केलं.

"एकदा येऊ दे," सासू म्हणाली, "नाय जमला तर चूल हायच."

अमावास्येचं उधाण होतं. खाडीचं पाणी मिठागराच्या तळ्यात घ्यायला महादेवने बांध एका कोपऱ्यात फोडून ठेवला. मग गोदू पोचली तशी तो म्हणाला, "पोरी, पानी राख. आमी पल्याडचा बांध बगून येतो." आणि मुलाला, म्हणजे गोदूच्या नवऱ्याला, जगनला, घेऊन गेला.

मिठागरावर पाणी राखायचं म्हणजे ते नीट आत येऊ द्यायचं. भातशेतीत मात्र खारं पाणी राखायचं म्हणजे बाहेर ठेवायचं. आत शिरलं, की शेत नासलंच.

कोपऱ्यातून पाणी घुसताना दिसलं आणि गोदू ओरडली, "खांड गेली! बांध फुटला!" तिने चिखल लोटला, पेंढा कोंबला. तरी पाणी थांबेना, तेव्हा पाठ लावून भगदाडातच बसली.

बापलेक परतले तर सून गळ्यापर्यंत चिखलात.

"मामंजी, भिऊ नका! थेंब आत येऊ दिला नाय!"

जगन पोट धरून हसू लागला. "बाबा, भरती अडवली हिनं!"

महादेवने समजावून सांगितलं, तसा गोदूचा चेहरा उतरला. आता चूलच. पण भरती अजून होती. तिने जगनच्या हातून कुदळ ओढली आणि स्वतःचाच बांध फोडला. तळं जेमतेम अर्धं भरलं, तोच ओहोटी लागली. आलेलं पाणी परत खाडीकडे ओढू लागलं. जगन चिखल टाकी, पाणी तो धुऊन नेई.

"सरका," म्हणत गोदू पुन्हा भगदाडात बसली. यावेळी महादेव स्वतः तिला चिखलाचे गोळे देत राहिला. बांध जुळला.

"पुनवेला उरलेला भरू," महादेव म्हणाला. "आनि जगन, आता हिला इचारल्याबिगर बांधाला हात लावायचा नाय."

"मंग मी काय करू?"

"घरी जा. आईला सांग, चुलीला दुसरी बग."