आज सकाळी जन्मलेली सव्वीस लेकरं

हर्षलला त्याने बनवलेल्या कॅलेंडरचं भारी कौतुक. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी पाथर्डीजवळच्या शाळेत हंगामी वसतिगृह निघालं होतं. त्याच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये जन्मतारखेच्या चौकटीला बोट लावलं की निळंशार कॅलेंडर उलगडायचं आणि हा पठ्ठ्या बारशाचे पेढे वाटल्यासारखा सगळ्यांकडे बघायचा.

ऑफिसातली त्याची वरिष्ठ पंकजा, तिने महिन्यापूर्वीच त्याला बजावलं होतं, "अरे, विजेट म्हणजे भरायची चौकट, दागिना नव्हे. दिवस, महिना, वर्ष अशा तीन साध्या याद्या ठेव."

"मॅडम, ते रेशनकार्डासारखं दिसतं."

आता शाळेच्या ओट्यावर ती आठ महिन्यांच्या पार्थला कडेवर घेऊन उभी होती. घरी सांभाळायला कोणी नव्हतं, त्यात रात्री त्याला ताप येऊन गेलेला. दर दोन मिनिटांनी तिचा हात पार्थच्या कपाळावर जाई. फाटकाबाहेर कारखान्याचा ट्रक हॉर्न देत होता.

"पाळणाघरही काढायचं का इथे?" हर्षल हसला.

टेबलाशी मालनबाई उभी होती. मागे नात संस्कृती, पायाशी कपड्यांचं गाठोडं.

"काय म्हनतंय त्ये?"

"तुमच्या नातीचं वय बसत नाही, आजी," हर्षल स्क्रीनकडे बघत म्हणाला.

"बसत न्हाई? धा वर्साची घोडी हाय! अन् हितं न्हाई बसली तर ट्रकात बसंल, सा महिने मोळ्या बांधाया."

संस्कृतीने गाठोडं घट्ट धरलं.

पंकजाने लॅपटॉप ओढून घेतला. सकाळपासून सव्वीस लेकरांचे अर्ज, सव्वीसच्या सव्वीस नापास. जन्मतारीख सगळ्यांची एकच, आजची! कॅलेंडर आजच्या तारखेवर उघडायचं. दहा वर्षं मागे जायचं तर बाण एकशेवीस वेळा दाबायचा. तारीख टाइप करावी, तर लोक काहीबाही लिहितील म्हणून हर्षलने तेही बंद केलेलं. माणसं बिचारी 'ठीक' दाबून मोकळी झाली होती.

"यांना जन्मतारीखच ठाऊक नसते हो," हर्षल पुटपुटला, पण ऐकू जाईल असा.

"ठाव न्हाई कशी? पोळ्याच्या दुसऱ्या दिशी झाली ही," मालनबाई कडाडली. "गुरुजींनी एक जून लिवली. समद्यांचीच एक जून. माजी बी!"

पंकजाने हर्षलकडे नुसतं पाहिलं. ऑफिसात दर एक जूनला त्याचा केक कापला जायचा. त्याची आई मात्र त्याला नागपंचमीला ओवाळायची. हर्षलचे कान लाल झाले.

तिने एका हाताने दोन ओळी बदलल्या. मागच्या वर्षांची यादी आठवणीने दिली, नाहीतर ती चौकट चालू वर्षापासून पुढचीच वर्षं दाखवते. निळं कॅलेंडर गेलं, तीन याद्या आल्या. संस्कृतीने स्वतःच निवडलं: एक. जून. दोन हजार पंधरा. हिरवी खूण उमटली.

"बसली का?" मालनबाईने विचारलं.

"बसली, आजी. ट्रकला थांबायला सांगा. बाकी पंचवीस जणांनाही हाका मारा."

मालनबाई हाका मारत फाटकाकडे पळाली. संस्कृतीने गाठोडं उचलून थेट वसतिगृहाच्या खोलीत नेऊन ठेवलं.

तेवढ्यात हर्षल फोनवर साहेबांना सांगू लागला, "हो सर, मी डिझाइन जरा सोपं केलंय. गावाकडच्या लोकांचा विचार करावाच लागतो."

पार्थने मान पुढे काढून हर्षलच्या लॅपटॉपवर दुधाची गुळणी टाकली.

पंकजाने पार्थचं तोंड पुसलं. कपाळ चाचपलं, गार होतं. कीबोर्ड तिने तसाच ठेवला.